फोर म्हणजे चौकार नव्हे

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी नलूआत्येचं नाव सांगतो. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई-वडील कामासाठी मुंबईला आणि मी पालीजवळच्या आमच्या वाडीत आत्येपाशी, असं माझं बालपण गेलं. वाडीतून शाळेत जायचं तर मध्ये पऱ्या लागतो. उन्हाळ्यात त्यात गुरांचे खूर भिजतील एवढंही पाणी नसतं, पण पावसाळ्यात तोच ओढा दोन्ही काठांना लागून लालभडक धावतो. त्यावर तेव्हा साकव होता. पोफळीची दोन खोडं आडवी टाकलेली आणि धरायला एका बाजूला बांबू. वाडीतली बाकीची मुलं त्यावरून पळत जायची. मी मधोमध गेलो की पाणी थांबलंय आणि साकवच वाहत चाललाय असं वाटायचं, आणि मी डोळे गच्च मिटून घ्यायचो. मग आत्या पुढे यायची. माझ्याकडे तोंड करून माझे दोन्ही हात धरायची आणि उलट्या पावलांनी मला पार न्यायची.

"माझ्या तोंडाकडं बघ. पान्याकडं नको. डोळे मिटू नको रे बाबू, मिटलंस तर पाय चुकतो."

त्या साकवावरून मी शाळेत गेलो, पुढे रत्नागिरीला कॉलेजात गेलो आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. पालीच्या बाजारातल्या एका स्टुडिओसाठी लग्नांचं शूटिंग करता करता कॅमेरा हाताला लागला. त्याच्या जोरावर मुंबईत क्रिकेटचे सामने दाखवणाऱ्या एका कंपनीत नोकरी मिळाली. आणि मागच्या मे महिन्यात, ऐन आंब्याच्या दिवसांत, त्या कंपनीने मला स्कॉटलंडला पाठवलं. तिथल्या एका गोल्फ स्पर्धेचं टीव्हीसाठी चित्रण करायचं होतं.

परदेशी जाऊन आलेले लोक बहुधा तिथल्या मजेबद्दल लिहितात. मी तिथे होतो तेवढे दिवस भ्यालेला होतो. जे घडलं तेच लिहितो आहे. आमच्याकडून पुढे कुणी या कामाला गेलं तर त्याला थोडा उपयोग होईल.

नारळाचा वास

गाव समुद्राला लागूनच. दगडी घरं, अरुंद रस्ते, आणि घरं संपली की थेट मैदान. गोल्फचं मैदान म्हणजे हिरवागार गालिचा अशी माझी समजूत होती. हे मात्र समुद्राकाठचं पडीक रान निघालं. वाळूच्या टेकड्या, वाऱ्याने एका अंगाला निजलेलं गवत आणि झाड म्हणावं असं एकही नाही. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या वाळूच्या पुळणीवर आमच्याकडचा कातळाचा सडा आणून पसरला तर जसं दिसेल तसं. फक्त कातळ काळा नाही आणि पायांना चटके बसत नाहीत. उलट गारठ्याने बोटं वाकत नव्हती, आणि त्याला तिथली माणसं उन्हाळा म्हणत होती.

पहिल्याच सकाळी मैदानात पाय टाकला तर खोबऱ्याचा वास आला. ओल्या, नुकत्या फोडलेल्या नारळाचा. मी थांबलो. परक्या मुलखात भीतीने भलतेसलते वास येत असतील असं वाटलं. इक्बालभाई हसले.

"मलापण पहिल्या खेपेला असंच झालं होतं. ती पिवळी फुलं बघ. वास नारळाचा, पण झुडूप सगळं काट्यांचं. हात घालू नकोस, करवंदी परवडली."

इक्बालभाई आमच्या कंपनीत आवाजाचं काम बघतात. मूळचे रत्नागिरीच्या राजिवड्याचे. या स्पर्धेला ते आधीही येऊन गेले होते आणि कॅमेऱ्यासाठी माझं नाव त्यांनीच सुचवलं होतं. मला नावाने हाक मारायला त्यांना कधी जमलेलं नाही. मी त्यांचा 'पालीकर'.

उतरलो होतो एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी. सकाळी त्या वाफाळता वाडगा पुढे ठेवत. ओटची पेज, वर मिठाची चिमूट. बाजूला धुरावर सुकवलेला मासा. आमची पेज आणि सुका बांगडा एवढ्या लांब येऊन बसलेला बघून मला भरून आलं. मी दुसऱ्यांदा मागितली, तर बाई म्हणाल्या, "इथे उतरणारा पहिलाच पाहुणा, ज्याने ही आपण होऊन मागितली."

मनोरा

गोल्फ टीव्हीवर बघताना वाटतं, चेंडू आपणहून आकाशात जातो आणि आपणहून पडताना दिसतो. त्यामागे मैदानभर उभे केलेले मनोरे असतात. लोखंडी नळ्यांची परांची, वर चार फळ्या, त्यावर कॅमेरा आणि एक माणूस. खेळाडूने चेंडू मारला की त्या माणसाने तो आकाशात पकडायचा आणि जमिनीला लागेपर्यंत सोडायचा नाही. लिंबाहून लहान पांढरा चेंडू आणि मागे पांढरंच आभाळ. क्रिकेटमध्ये चेंडू कुठे जाईल ते फलंदाजाच्या पायांवरून कळतं आणि सीमारेषा असते. इथे सीमा नाही. वारा नेईल तिकडे.

माझं नाव मनोऱ्यावर लागलं आहे हे तिथे गेल्यावर कळलं. आमच्या मुंबईच्या मैदानांत मी नेहमी खाली, सीमेच्या दोरीजवळ बसून काम केलेलं. उंचीचं कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

सरावाच्या दिवशी ॲलन मला मनोरा दाखवायला घेऊन चालला. तो परांची उभारणाऱ्यांचा मुकादम. लाल दाढी, आणि बोलणं असं की शब्द दगडावर घासून येतात. मागे इक्बालभाई, हातात केसाळ मांजरासारखा दिसणारा माइक. अर्ध्या वाटेत लांबून कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं,

"फो...र!"

आसपासची सगळी माणसं चटकन वाकली. ॲलन डोक्यावर हात घेऊन उकिडवा बसला. मी मात्र जागच्या जागी उभा राहिलो, मान वर केली, कपाळावर हाताची सावली धरली आणि चौकार कुठे गेला ते बघू लागलो.

दुसरं काय करणार? भात कापून झालेल्या मळ्यांत खेळून वाढलेली मुलं आम्ही. फोर म्हटलं की मान वरच जाते. चेंडू सूं करत कानाजवळून गेला आणि मागच्या वाळूत रुतला.

"मरायचंय का तुला?" ॲलन ओरडला. "तो शब्द म्हणजे चेंडू माणसांवर येतोय! ऐकला की खाली!"

"खाली," मी म्हणालो.

"वर नाही!"

"वर नाही."

इक्बालभाईंना हसू आवरेना. ते माइक पोटाशी धरून वाळूतच बसले. "अरे पालीकर, टाळ्या वाजवायच्या राह्यल्या की! अंपायर कुठाय, हात हलवायला?"

हसलो मीही. पण रात्री अंथरुणावर तो सूं आवाज परत परत ऐकू येत राहिला.

त्याच दिवशी मनोऱ्यावर चढलो तेव्हा हसू पार गेलं होतं. कमरेचा पट्टा दोरीला अडकवलेला होता, खाली वजनासाठी पाण्याच्या टाक्या ठेवलेल्या होत्या. ॲलन प्रत्येक नळीवर थाप मारून सांगत होता की हा हत्तीलाही पेलेल. पण वारा आला की मनोरा हलायचा. पडायचा नाही, नुसता हलायचा. पायाखालच्या फळ्यांच्या फटींतून खालचं गवत दिसायचं, वाऱ्याने एकाच दिशेला धावणारं, आणि बघता बघता गवत थांबायचं आणि मीच वाहायला लागायचो. इतकी वर्षं झाली, कॉलेज झालं, नोकरी झाली, आणि मी परत पऱ्याच्या मधोमध उभा होतो. वाऱ्याचा झोत आला आणि माझे डोळे मिटले.

माझा चेंडू कुठे आहे

गुरुवारी स्पर्धा सुरू झाली. कानात मोइराचा आवाज. ती दिग्दर्शक. मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या एका गाडीत, पडद्यांच्या भिंतीपुढे बसलेली. तिला मी पाहिलं नव्हतं, फक्त ऐकत होतो. शांत, सावकाश बोलायची. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

सकाळ बरी गेली. दुपारी वारा वाढला. एका खेळाडूने चेंडू मारला, मी पकडला, आकाशात चढवला, तेवढ्यात झोत आला. डोळे मिटले ते पापणी लवण्याइतकेच. उघडले तर पडद्यावर कोरं आभाळ. घराघरांत लोक टीव्हीपुढे बसून ते कोरं आभाळ बघत होते.

"माझा चेंडू कुठे आहे?" मोइराने विचारलं.

मी कॅमेरा डावीकडे नेला, उजवीकडे नेला. चेंडू केव्हाच पडून गेला होता. तिने पडद्यावर दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र घेतलं.

शुक्रवारी असंच पुन्हा झालं, दोनदा. संध्याकाळी इक्बालभाईंनी मला बाजूला घेतलं. या वेळी चेष्टा नव्हती.

"मोइरा विचारत होती, हा मुलगा उद्या सावरेल का म्हणून. नाही सावरला तर रविवारी मनोऱ्यावर त्यांचाच माणूस चढवणार. तुला केबल गुंडाळायला देतील."

"गुंडाळीन."

"तुझ्यापुरतं असतं तर मीपण म्हटलं असतं, गुंडाळ. पण आपल्या कंपनीतला कॅमेऱ्याचा माणूस इथे पहिल्यांदा आलाय. तू उतरलास तर पुढच्या खेपेला आपल्याकडचं कुणाला बोलवणार नाहीत. मी नाव दिलंय तुझं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पालीकर, तू डोळे मिटतोस. मी खाली उभा असतो ना, दिसतं मला."

मी बूट काढून त्यातली वाळू झाडू लागलो.

"सांगू तिला? उंचीची भीती असते माणसाला, त्यात लाज कसली? माझा मामा बोटीवर जन्म काढून माडावर कधी चढला नाही. जमिनीवरचा कॅमेरा देईल ती."

"आणि मग मुंबईला काय कळवतील?"

ते काय कळवतील हे दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हणालो, "उद्याचा दिवस बघू या."

त्या संध्याकाळी घरचं काही खावंसं वाटलं. आत्येने बरोबर कुळथाचं पीठ दिलं होतं. बाईंची परवानगी घेऊन मी पिठी करायला घेतली. लसूण तेलात टाकली आणि थोडी करपली. छताला लावलेला, धूर झाला की वाजणारा भोंगा कानठळ्या बसतील असा वाजायला लागला. माझ्या हातातला डाव पडला. बाई धावत आल्या आणि टॉवेलने छताला वारा घालू लागल्या. मी भिंतीला चिकटून उभा. भोंगा थांबल्यावर त्यांनी भांड्यात डोकावून विचारलं, "एवढा गोंधळ करून जे होतं ते मला चाखायला मिळेल का?" चाखलं, आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे." मग माझ्याकडे बघितलं. मी अजून भिंतीला चिकटूनच होतो. "भोंग्याला एवढं कुणी भीत नाही," त्या म्हणाल्या आणि समोर बसून राहिल्या. मी थोडं जेवलो.

शनिवारी वारा एवढा वाढला की दुपारी धोक्याचा भोंगा वाजला आणि आम्हा सगळ्यांना मनोऱ्यांवरून उतरवलं. बाकीचे कॅमेरावाले कुरकुरत होते. मला मात्र फाशी टळल्यासारखं झालं. पण खाली उतरून वळून पाहिलं तर माझा रिकामा मनोरा वाऱ्यात हलत होता. वर असताना तो हलताना नुसता जाणवायचा, आता खालून दिसला. न दिसता तर बरं झालं असतं.

शनिवार असा अर्धाच गेल्यामुळे माझी परीक्षा झालीच नाही. इक्बालभाईंनी सांगितलं, "मोइरा म्हणाली, राहू दे उद्या. पण एक चेंडू सोडला तर लगेच खाली."

रविवार

शेवटचा दिवस. मैदानाभोवती माणसांची दाटी. माझा मनोरा सोळाव्या होलजवळ, काटेरी पिवळ्या झुडपांच्या कडेला. सकाळपासून मी प्रत्येक झोताला दातांवर दात ठेवत होतो. डोळे मिटायचे, पण चेंडू उडालेला नसताना. नशीब म्हणायचं, दुसरं काही नाही. प्रत्येक खेळाडू पुढे गेला की अंगातला घाम गार पडायचा.

दुपारी सगळ्यांत पुढे असलेला खेळाडू आला. गर्दी गप्प झाली. मोइरा म्हणाली, "सोळा, तू. फक्त तू." म्हणजे देशोदेशींचे लोक जे बघणार ते फक्त माझ्या कॅमेऱ्यातून.

त्याने काठी फिरवली. त्याच क्षणी समुद्रावरून झोत आला, आदल्या दिवसासारखा. मनोरा कलला. मला स्पष्ट कळलं की माझे डोळे मिटलेले आहेत. आत अंधार होता आणि पऱ्याचा आवाज होता. संपलं, एवढंच मनात आलं.

आणि खालून शंभर गळ्यांतून आरोळी उठली, "फो...र!"

माझे डोळे टक्क उघडले. मान वर गेली. मी काही ठरवलं नव्हतं. फोर म्हटल्यावर ते माझ्या हातात नसतंच.

आकाशात ठिपका होता. मी तो पकडला. मग लक्षात आलं की तो पडद्यावर डावीकडे जात नाही, उजवीकडेही नाही. एका जागी उभा आहे आणि मोठा होतो आहे. क्रिकेटमध्ये काम केलेल्या कुणालाही याचा अर्थ सांगावा लागत नाही. जो चेंडू हलत नाही आणि नुसता मोठा होतो, तो आपल्याच अंगावर येत असतो.

खाली सगळी माणसं वाकलेली, हात डोक्यावर. इक्बालभाईही वाकलेले. ॲलनने शिकवलेला शब्द मला आठवत होता: खाली. पण मी चौकार बघत होतो. चेंडू केवढा तरी झाला, त्यावरचे खळगेसुद्धा दिसले, आणि माझ्या गुडघ्याखालच्या नळीवर आदळला. टण्ण! शाळा सुटल्याची घंटा होते तसा आवाज. तिथून उसळून झुडपांत गेला. मी कॅमेरा त्याच्यामागे खाली वळवला आणि तो ज्या पिवळ्या फांदीखाली शिरला तिच्यावर येऊन थांबलो.

"थांब तिथेच," मोइरा म्हणाली. "हलू नकोस. सुंदर."

गोल्फमध्ये हरवलेला चेंडू शोधायला थोडाच वेळ देतात. नाही सापडला तर खेळाडूला दंड. त्या झुडपात तो कुणाला दिसला नसता. माझ्या पडद्यावरून सांगितलं गेलं आणि पंच थेट त्या फांदीपाशी आले. खेळाडूने वर बघून मला हात केला. मी करू शकलो नाही. माझे दोन्ही हात कॅमेऱ्याच्या दांड्यांवर आवळले होते आणि ते सुटत नव्हते.

खेळ पुढे सरकल्यावर ॲलन वर आला. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली आणि माझ्या खालच्या पायरीवर राहून, माझी टाच हाताने पायरीवर ठेवत ठेवत मला उतरवलं. जमिनीवर आलो. मी गवतात बसलो. भीती तेव्हा आली, सगळी एकदम.

संध्याकाळी मोइरा भेटायला आली. पिकल्या केसांची, ठेंगणी, चष्मा दोरीला बांधलेला. "चेंडू अंगावर येत होता आणि तू पापणीसुद्धा लववली नाहीस," ती म्हणाली. "अशी हिंमत मी थोड्यांची बघितली आहे. पुढल्या खेपेला हाच मनोरा तुझा."

माझ्या मागून इक्बालभाई मराठीत पुटपुटले, "सांगू का गं बाई तुला? हिंमत कसली, चौकार बघत होता."

"काय म्हणतात ते?" तिने विचारलं.

"अभिनंदन करतायत," मी म्हणालो.

पुढल्या खेपेला येतो असं मी तिला सांगितलं आहे. भीती गेली म्हणून नाही. ती आहे तिथेच आहे.

सोमवारी, निघण्यापूर्वी, मी तिथून आत्येला पत्र टाकलं. फोन केला होता, पण ती म्हणते, "फोनवर बोल्लेलं वाऱ्यावर जातं. लिवून धाड, मी परत परत वाचीन." ती चौथीपर्यंत शिकली आहे आणि ओळीवर बोट ठेवून वाचते. पत्राच्या आधी मीच घरी पोचलो. ते आलं तेव्हा ते तिने मला हातात घेऊ दिलं नाही. या लेखासाठी मागितलं तर म्हणाली, "उतरवून घे, पन कागद माझा हाय." त्यात मी तिला एक गोष्ट विचारली आहे. तिचं उत्तर अजून मिळालेलं नाही. विचारलं की ती चुलीकडे वळते.

*ती. आत्येस सविनय जय भीम.*

*मी सुखरूप आहे. अक्षर मोठं काढलं आहे. पिठी सगळी संपली. घरमालकीण बाईंनीही खाल्ली, मीठ बरोबर आहे म्हणाल्या. इथे सकाळी पेजच देतात. इथल्या एका काटेरी झुडपाच्या फुलांना खोबऱ्याचा वास येतो. चार फुलं पाकिटात घातली आहेत. पोचेपर्यंत वास राहील की नाही, ठाऊक नाही.*

*काम झालं. लोक मला धीट म्हणाले. तू विश्वास ठेवू नकोस. मला एका उंच परांचीवर उभं केलं होतं आणि ती वाऱ्याने हलत होती. रोज साकव आठवत होता. इतके दिवस मी तुझा चेहरा डोळ्यांपुढे आणत होतो, माझ्याकडे बघत उलट्या पावलांनी मागे जाणारा. आणि मग तिथे वर उभ्या उभ्या एक गोष्ट लक्षात आली, जी इतक्या वर्षांत माझ्या कधी मनात आली नव्हती.*

*मला बघायला तुझं तोंड होतं. तुझी पाठ पल्याडच्या काठाकडे होती. पाय कुठे पडतो ते तुला दिसत नव्हतं. आणि तुझे दोन्ही हात माझ्या हातांत होते. मग आत्ये, बांबू कोण धरत होतं?*

*तुला भीती वाटत नव्हती का गो? कळव.*

*तुझा,*
*बाबू*